ओलीची यादी

ब्राह्मी नाहीशी होत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे गळा काढायची वेळ येणार नाही. रोपवाटिकेत ती काळ्या पिशवीत मिळते, श्रीलंकेत भाजी म्हणून पिकवली जाते, कोरियात तिच्या अर्काची महागडी मलमं होतात. नाहीशी होते आहे ती तिची जागा, म्हणजे घराभोवती, विहिरीभोवती, शेताच्या कडेला रोज थोडं थोडं सांडणारं पाणी. ही यादी त्या सांडण्याची आहे. आठवेल तसं लिहिलं आहे, क्रम लावलेला नाही.

आधी रोप. तांबूस, दोऱ्याएवढी बारीक खोडं जमिनीवर सरपटत जातात. पेरापेराला मुळ्या फुटतात. पेरातून लांब देठ वर येतात, एका देठावर एकच पान. पान गोलसर, देठापाशी खोल खाच, कडेला बोथट दाते. फुलं पानांच्या खाली असतात, आणि इतकी बारीक की आयुष्यभर ब्राह्मी खाल्लेल्यांनीही ती पाहिलेली नसतात. कोथिंबीर, जिरं, ओवा, गाजर ही हिच्या कुळातली मंडळी. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. कोकणात ब्राह्मी म्हणतात ती ही, गोव्यात हिलाच एकपानी म्हणतात.

दुसरीही एक ब्राह्मी आहे. तिची पानं लहान, जाडसर, गुळगुळीत, समोरासमोर लागलेली, चव कडू, फुलं पांढरी किंवा फिकट निळसर. ती आणखी पाण्याजवळ जाते, अर्धी पाण्यातच असते. तिचं शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. सरकारी आयुर्वेदिक औषधिकोश हिला ब्राह्मी म्हणतो आणि पहिलीला मंडूकपर्णी. चरकाने बुद्धीसाठी म्हणून जी चार रसायनं सांगितली, त्यांत मंडूकपर्णीचा रस आहे. कोणती खरी, हा वाद वैद्यांपाशी ठेवू. ओल दोघींना लागते आणि या यादीला तेवढं पुरे.

थारोळं. देशावरच्या विहिरीचं. बैल धावेवरून उतरले की मोट वर यायची आणि तिची सोंड थारोळ्यात पाणी ओतायची. तिथून पाट, पाटातून दांड, दांडातून वाफे. चामड्याची मोट कधीच पुरती घट्ट नसायची. थारोळ्याच्या दगडांच्या फटीतूनही पाणी पाझरायचं. खालच्या अंगाला माका, आंबुशी आणि ती पाण्यातली ब्राह्मी यांची गर्दी. आधी डिझेलचं इंजिन आलं, मग विजेचा पंप. बैल सुटले, मोट धरणारा सुटला. थारोळ्याचे दगड बऱ्याच ठिकाणी अजून आहेत, पण कोरडे आहेत.

रहाट. कोकणातल्या आणि वसईतल्या वाड्यांचा. बैलाने फिरवायचा किंवा पायाने. मडक्यांची माळ भरून वर यायची, पन्हळीत रिकामी व्हायची, परत खाली जायची. निम्मं पाणी वाटेतच हेंदकाळून विहिरीत पडायचं. थोडं काठावर पडायचं, ते ब्राह्मीचं.

पन्हळ. पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून केलेली. एक पन्हळ दुसरीवर टेकवायची तिथे सांधा. सांध्याला गळती ठरलेली, आणि ती कोणी बुजवायला जात नसे. खाली केळीचा कोंब लावला की झालं. आता वाडीत काळा पाइप असतो. त्याला गळती लागली की प्लंबर बोलावतात.

पाट. कोकणातल्या वाडीत, गोव्याच्या कुळागरात पाणी पाटाने फिरायचं. माती खोऱ्याने ओढून एक तोंड बंद करायचं, दुसरं उघडायचं, आळं भरलं की पुढे सरकायचं. पाटाच्या दोन्ही काठांवर हातभर रुंदीची पट्टी उन्हाळ्यातही हिरवी असायची. वर माड-पोफळीची सावली, खाली न आटणारी ओल. याहून चांगली जागा ब्राह्मीला कोणी मुद्दाम करून दिली नसती. ठिबक सिंचनात एका तोटीतून तासाला चार लिटरच्या आसपास पाणी बरोबर मुळाशी पडतं आणि बाकीची जमीन कोरडी राहते. ठिबकचा सगळा गुण तोच आहे. पाणी वाचतं, वीज वाचते, तण उगवत नाही. तण म्हणजे इतर बऱ्याच गोष्टींबरोबर ब्राह्मीसुद्धा.

ठिबकला नावं ठेवायचा माझा विचार नाही. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलला विहिरीचा तळ दिसतो. जांभ्यात पाणी थांबत नाही. अशा ठिकाणी पाटाने पाणी पाजणं ही चैन होती. पाणी पुष्कळ होतं म्हणून ती परवडली असं नाही, ते उपसणारी माणसं स्वस्त होती म्हणून परवडली.

न्हाणी. घराच्या मागच्या अंगाला, चिऱ्यांची, वर झापांचं किंवा कौलांचं छप्पर. आत तांब्याचं भांडं चुलीवर बसवलेलं, शेजारी दगडी डोण. आंघोळीचं पाणी एका भोकातून बाहेर पडायचं आणि त्याच्यापुढे त्या पाण्याचं एक गावच वसलेलं असायचं. आधी अळू, त्याला सगळ्यात जास्त पाणी. मग कर्दळ, मग केळ, बाजूला हळदीचे दोन-चार कांदे. या सगळ्यांच्या पायाशी, जिथे पाणी साचत नाही पण माती सुकतही नाही, तिथे ब्राह्मी. ती कोणी लावलेली नसे. फार तर व्हाळावरून धुणं घेऊन येताना कोणी एखादं पेर खोचलेलं असे, आणि नंतर ते विसरलेलं असे.

न्हाणीच्या पाण्यात तेव्हा शिकेकाई असायची, थोडी राख, थोडं बेसन, सणाला उटणं. मग साबणाच्या वड्या आल्या, त्यानंतर धुण्याची पावडर. अळू साबणाला फारसा भीत नाही. ब्राह्मीचं पान मात्र कडेने पिवळं पडत गेलं. हे माझं निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे.

पुढे न्हाणी घरात आली. तिची बाथरूम झाली, फरशी आली, खाली पाइप आला आणि पाणी शोषखड्ड्यात गेलं. गावोगाव शोषखड्डे झाले हे चांगलंच झालं. मागीलदारी साचलेल्या पाण्यावर डास व्हायचे, हिवताप व्हायचा, पावसात तिथून पाय घसरायचे. शिवाय न्हाणीत सांडणारं सगळं पाणी आधी विहिरीतून कोणीतरी शेंदून, कळशी कमरेवर घेऊन, पायऱ्या चढून आणलेलं असायचं. कोणीतरी म्हणजे बाई. त्या ओलीवर उगवलेल्या ब्राह्मीबद्दल हळवं होणाऱ्याने आधी एक कळशी उचलून पाहावी.

तांब्या. परसात पाय धुवायला पायरीशी ठेवलेला. बाहेरून आलेला माणूस त्यातलं पाणी पायांवर ओतायचा आणि उरलेलं तुळशीला. पायरीच्या कडेला हातभर ओल.

बावखल. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. विहिरीपेक्षा मोठी, तळ्यापेक्षा लहान. पावसाचं पाणी साठायचं, वाड्या भिजायच्या, आणि समुद्र इतका जवळ असूनही आसपासच्या विहिरींचं पाणी गोडं राहायचं. केळी, फुलझाडं, पानमळे या पाण्यावर उभे होते. उतरत्या काठाची माती सगळ्यांत चांगली, कारण पाणी खाली सरकेल तशी ओलही खाली सरकायची आणि सरपटणारी झाडं तिच्या मागोमाग उतरायची. जमिनीचे भाव चढले तशा कित्येक बावखली बुजवल्या गेल्या. बुजवायला सोप्या असतात, शेजारच्या बांधकामाची माती पुरते. उरलेल्या वाचवायला वसईतली माणसं झटत आहेत. त्यांत बहुतेक जण तिथलेच वाडीवाले आहेत, आणि आपण काय वाचवतो आहोत हे त्यांना कोणी शिकवायची गरज नाही.

वायंगण. पावसाळी भात कापल्यावर मळ्यातल्या ओलीवर आणि व्हाळाला घातलेल्या बांधाच्या पाण्यावर घेतलेलं दुसरं भात. गाव मिळून बांध घालायचा, दगड, माती, पालापाचोळा जे मिळेल त्याचा. बांधाच्या अलीकडे पाणी तुंबलेलं, पलीकडे झिरपणारं. मेरांवर ब्राह्मी, माका, आंबुशी, गोरखमुंडी. आता मळ्यात दुसरं भात घेणारे थोडे उरले आहेत. मजूर मिळत नाहीत, वानर-डुकरं पीक ठेवत नाहीत, आणि बांध घालायला गाव जमण्याइतकी माणसं गावात नसतात.

आंबुशी. तीन बदामी पाकळ्यांचं आंबट पान, जमिनीला चिकटून पसरणारी. शेंगेला बोट लावलं की बिया उडतात. पोरांची फुकटची खाऊगल्ली. पितळेची भांडीही तिने लख्ख निघायची, आंबटपणा असतो ना. पितळेची भांडी माळ्यावर गेली. आंबुशी मात्र अजूनही कुंडीत न बोलावता येते. यादीत हिला ठेवावं की नाही हे माझं ठरत नव्हतं. वनस्पती म्हणून ठेवत नाही, भांडी घासायचं साहित्य म्हणून ठेवतो.

माका. चुरगाळलेलं पान बोटांवर काळपट डाग ठेवतं. श्राद्धाच्या ताटात लागतो, गणपतीच्या एकवीस पत्रींत लागतो, तेलात लागतो. म्हणजे देव, पितर आणि केस या तिघांनाही एकच झुडूप चालतं. पितृपक्षात शहरात माका विकत घ्यावा लागतो. चार काड्यांची जुडी असते आणि चारांतला एखादा तरी माका नसतो.

पत्रीची टोपली. हरतालिकेच्या आदल्या दिवशी परसात, बांधावर फिरून पोरांनी गोळा केलेली. विष्णुक्रांत कुठे आहे हे ज्याला ठाऊक तो त्या दिवसापुरता पुढारी. ती जमिनीलगत असते, फूल निळं, नखाएवढं, दुपारी मिटून जातं, म्हणून सकाळीच जावं लागे. मुंबईत दादरच्या बाजारात शहापूर, पालघरकडच्या बाया पत्रीच्या पिशव्या घेऊन बसतात. त्यांना विचारलं तर त्या एकेक पान बरोबर सांगतात. विचारणारे नसतात. पिशवीला 'एकवीस पत्री' म्हटलं की एकवीस आहेत असं धरून चालायचं.

तेल. इथे जरा थांबायला हवं, कारण ब्राह्मी बहुतेक घरांत बुद्धीपेक्षा डोक्याच्या बाहेरच्या बाजूलाच जास्त लागत असे.

ब्राह्मी आणि माका सकाळी उपटायचा, मुळं कापून टाकायची, माती जाईपर्यंत धुवायचं. पाट्यावर वाटून फडक्यातून रस पिळायचा. चोथा फेकायचा नाही, तो कल्क. लोखंडी कढईत घाण्याचं खोबरेल, त्यात रस आणि कल्क, खाली मंद विस्तव. कोणी जास्वंदीची फुलं घालत, कोणी आवळा, कोणी मेथ्या, आणि दर घराला आपलंच तेल शास्त्रशुद्ध वाटे. आच मोठी केली की कल्क करपतो आणि तेलाला जळका वास लागतो. लहान ठेवली तर दुपार जाते. तेव्हा दुपार जायची.

तेल झालं हे कसं ओळखायचं? रसातलं पाणी असेपर्यंत कढई तडतडत राहते. ती थांबली की पळीने थोडा कल्क काढायचा आणि बोटांत वळायचा. वात वळली गेली, ती निखाऱ्यावर टाकली आणि चुरचुर न करता जळली, की पाणी संपलं. तेलावर फेस येतो, तूप असेल तर उलट फेस बसतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हीच खूण दिलेली आहे, पण ज्या बायका ती वापरत त्यांनी ग्रंथ पाहिलेला नव्हता. त्यांनी सासूची बोटं पाहिली होती. पाणी राहिलं तर तेल पावसाळ्यात खवट होतं, म्हणून ही परीक्षा. बरणीत ओतताना फडकं दुहेरी.

या सगळ्यात काय गेलं? कढई आहे. खोबरेल आहे, लाकडी घाणा तर पुन्हा आला आहे आणि मिरवतो आहे. पाटा-वरवंटा गेला, पण मिक्सर आहे. निखारा गेला, आणि त्याबरोबर चुरचुरीची परीक्षा. गॅसच्या ज्योतीवर वात धरून तीच परीक्षा होते, हे ज्यांना सुचलं ते अजून घरी तेल करतात. बाकीच्यांना 'ब्राह्मी आवळा' अशी बाटली मिळते. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते एकदा भिंग लावून वाचावेत. पुष्कळदा पहिलं नाव खनिज तेलाचं निघतं.

तंबळी. कारवार आणि गोव्याच्या बाजूची. ब्राह्मीची मूठभर पानं कच्चीच, ओलं खोबरं, तुपात परतलेलं जिरं आणि मिरी, सगळं वाटून ताकात कालवायचं. उकळायचं नाही. उन्हाळ्यात भातावर. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर हिला अजून रोजच्या जेवणात जागा आहे. बंगालात थानकुनी म्हणून, आसामात माणिमुनी म्हणून, तामिळनाडूत वल्लारै म्हणून हीच पानं बाजारात जुड्या बांधून येतात. महाराष्ट्रात मात्र आपण हिला औषध करून टाकलं. औषध म्हटलं की माणूस आजारी पडेपर्यंत थांबतो. भाजी म्हणून ताटात राहिली असती तर परसात तिची जागा कोणीतरी राखली असती, असं मला वाटतं. अळू बघा. अळूवडी आणि फदफदं आहे म्हणून अळू टिकला आहे, न्हाणी गेली तरी कुंडीत टिकला आहे.

जिभेवरची दोन पानं. मूल उशिरा बोलायला लागलं, जीभ जड वाटली, तर रोज सकाळी ब्राह्मीची दोन पानं. परीक्षेच्या दिवसांत मोठ्या पोरांनाही. याने काही होतं का? बॅकोपावर स्मरणशक्तीच्या संदर्भात माणसांवर चाचण्या झाल्या आहेत आणि काहींत थोडा फायदा दिसला आहे. तो आठवड्यांनी दिसतो, उद्याच्या पेपराला उपयोगी नाही. सेंटेलातला एशियाटिकोसाइड जखमेच्या मलमात गेल्या शतकापासून वापरतात. आमच्यापैकी कोणी त्या दोन पानांनी हुशार झाल्याचा पुरावा नाही. पण मुलाला रोज सकाळी हाताला धरून परसात नेणारं माणूस घरात होतं, हा लाभ पानाबाहेरचा.

ओळखणारी माणसं. डचांचा कोचीनचा गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन रीड याने मलबारातल्या वनस्पतींचा ग्रंथ करवून घेतला, 'हॉर्टस मलबारिकस'. बारा खंड, 1678 ते 1693, ॲमस्टरडॅमला छापले. त्या कामात इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता आणि कोकणी बोलणारे तीन ब्राह्मण होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांनी दिलेली साक्ष पहिल्या खंडात कोकणीत, नागरी अक्षरांत छापलेली आहे. दहाव्या खंडात 'ब्रामी' या नावाने पाण्यातली ब्राह्मी आहे, आणि 'कोडगेन' या नावाने आपली गोल पानांची.

त्या ग्रंथातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे की झाड आणायला माणसं पाठवली जात, आणलेलं झाड समोर ठेवून ते कोणतं हे ठरे, आणि मग चित्रकार बसे. झाड, नाव आणि माणूस एका जागी. आज आपल्याकडे ब्राह्मीवरचे शोधनिबंध मोजता येणार नाहीत इतके आहेत. तालुक्याच्या कोणत्याही बाजारात मात्र दोन्ही ब्राह्म्या समोर ठेवून वेगळ्या करून दाखवील असा माणूस शोधावा लागतो. वाळवून, कुटून पुडीत भरल्यावर तर प्रश्नच मिटला. पूड हिरवट आहे एवढंच कळतं.

गुरं. न मोजता येणारी बाब. गुरं पाणवठ्यावर चरायची, माजलेलं गवत खाऊन आखूड ठेवायची आणि आखूड गवतात ब्राह्मीला ऊन मिळायचं. गुरं कमी झाली, गवत छातीएवढं वाढलं.

अंगण. शेणाने सारवलेलं. पावसात त्याच्या कडा हिरव्या व्हायच्या. त्यावर कोबा आला, कोब्यावर पेव्हर ब्लॉक. ब्लॉकच्या फटीत आंबुशी येते, घोळ येते, ब्राह्मी येत नाही. तिला सरपटायला जागा लागते.

तणनाशक. आंबा-काजूच्या बागेत मजुराची मजुरी परवडत नाही म्हणून पाठीवर पंप येतो. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने 2022 मध्ये परवानाधारक फवारणीवाल्यांपुरता मर्यादित केला. बांधावरून चालताना पिवळं पडलेलं गवत दिसतं, ते परवाना बघून पिवळं झालेलं असतं का, हे मला सांगता येणार नाही. ब्राह्मी रुंद पानाची आणि बुटकी, त्यामुळे फवारा तिला चुकत नाही. पेराला मुळ्या असल्या तरी औषध आतून सगळीकडे पोचतं.

गेलेल्यांची यादी करताना आलेल्यांचीही नोंद हवी. ओल अगदीच संपलेली नाही, तिचे मालक बदलले आहेत. वेडेलिया: अमेरिकेतून बागेसाठी आलेला सरपटणारा वेल, चकचकीत पानं, पिवळी फुलं, रस्त्यांच्या दुभाजकांत हौसेने लावलेला. तो बागेबाहेर पडला आहे आणि व्हाळांच्या काठांनी उतरतो आहे. ब्राह्मीसारखाच पेराला मुळ्या टाकतो, पण तिच्या कितीतरी पट वेगाने, आणि त्याच्या चटईखाली दुसरं काही उगवत नाही. तळ्यांत जलपर्णी. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांच्या काठांवर बेशरम. भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजाच्या बायकांनी हा बेशरम हातांनी उपटून मूळच्या पाणवनस्पती तळ्यांत परत लावल्या, मासे परतावेत म्हणून. तणनाशकाने नव्हे, हातांनी. ओल परत मिळवता येते याचं माझ्याजवळचं सगळ्यांत ठोस उदाहरण ते आहे, आणि ते भाषणांतून फारसं ऐकू येत नाही.

कोरड्या जागी गाजरगवत. 1950च्या दशकात पुण्यात प्रथम दिसलं, आता त्याला पुण्याची गरज उरलेली नाही.

शहरातली ओल तेवढी बाकी राहिली. शहरात सांडणं थांबलेलं नाही, त्याचं गटार झालं आहे. नाल्याच्या काठाला, फुटलेल्या जलवाहिनीपाशी, रेल्वेच्या रुळांलगतच्या भाजीच्या वाफ्यांच्या कडेला दोन्ही ब्राह्म्या मजेत असतात, परसातल्यापेक्षा गलेलठ्ठ. पाण्यातली ब्राह्मी शिसं, कॅडमियम असले जड धातू मातीतून आणि पाण्यातून ओढून स्वतःत साठवते. दूषित पाणी निवळायला तिचा उपयोग करावा असं संशोधक सुचवतात, ते याच गुणामुळे. तोच गुण तुमच्या ताकात नको. म्हणून नाल्याकाठची कितीही ताजी दिसली तरी ती तोडू नये, आणि बाजारात जुडी मिळाली तर ती कुठल्या पाण्यावरची, हे विचारावं. उत्तर आलं नाही तर ठेवून द्यावी.

घरी लावायची असेल तर बीच्या भानगडीत पडू नका. ओळखीच्या वाडीतून मुळ्या असलेली चार पेरं आणा, पावसाच्या तोंडाला आणलीत तर उत्तम. कुंडी खोल नको, पसरट हवी. ऊन सकाळचं पुरे. तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी रोज तिथेच ओता, साबणाचं नको. महिन्याभरात कुंडी भरते. भरली की अर्धी काढून शेजाऱ्यांना द्या, कारण खुडली नाही तर पानं लहान आणि जून होत जातात. दोन पानं खाऊन मुलगा पहिला येईल अशी अपेक्षा ठेवू नका, तंबळी मात्र जरूर करून बघा.